बघणाऱ्याचं काय?

‘द ट्रुमन शो’ या सिनेमात नायक निघून गेल्यावरही गोष्ट काही क्षण चालू राहते. मला वाटतं, सगळा सिनेमा त्या काही क्षणांसाठीच काढला असावा. जन्मापासून तीस वर्षं ज्याची शाळा, मैत्री, लग्न, नोकरी जगानं टीव्हीवर बघितली, तो ट्रुमन खोट्या आकाशाला असलेल्या दारातून बाहेर पडतो. जगभरची माणसं आरोळ्या ठोकतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. मग प्रक्षेपण बंद होतं. पिझ्झा खात बसलेले दोन पहारेकरी एकमेकांना विचारतात, बघ जरा, आता दुसरीकडं काय लागलंय. संपला सिनेमा.

पीटर वेअर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा हा सिनेमा १९९८ सालचा. जिम कॅरीनं ट्रुमन केला, एड हॅरिसनं हा खेळ चालवणारा क्रिस्टॉफ. मी तो फार उशिरा बघितला. तोही दुकानात, मोबाईलवर, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी. माझं दुकान हातकणंगल्यात आहे आणि धंदा सीसीटीव्ही कॅमेरे विकायचा आणि बसवायचा. त्यामुळं इतर लोक हा सिनेमा जसा बघतात, म्हणजे ट्रुमनच्या बाजूनं, तसा मला तो बघताच आला नाही. माझं लक्ष कॅमेरा कुठं बसवलाय, कोन कसा घेतलाय, याकडं. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, शर्टाच्या बटणात. त्या गावात पाच हजार कॅमेरे आहेत असं सिनेमात सांगतात, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या वार्षिक देखभालीच्या कंत्राटाचा. दुसरा विचार जरा वेळानं आला. या सगळ्या गोष्टीत माझ्याशी सगळ्यात जवळचं पात्र कोण? ट्रुमन नाही. क्रिस्टॉफही नाही, एवढी आपली ऐपत नाही. चंद्राच्या आत त्यांनी जी कंट्रोल रूम केलीय, तिथं पडद्यासमोर बसून क्रिस्टॉफनं सांगितलं की बटण दाबणारा जो पोरगा असतो, तो मी.

हे एकदा मनात आल्यावर सिनेमा बाजूला ठेवता येईना.

या धंद्याची सुरुवात सरळ होती. आमच्या तालुक्यात हुपरी आहे, तिथं घरोघरी चांदीचं काम चालतं. चांदी जिथं उघड्यावर तासली जाते, वितळते, तोलली जाते, तिथं कॅमेरा हवाच, त्यात कुणाच्या मनाला काही लागायचं कारण नाही. मग इचलकरंजीतले यंत्रमागाचे कारखाने, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली गोदामं, रस्त्यावरची दुकानं. नंतर बंगल्यांची फाटकं आली. फाटकावरून कॅमेरा पोर्चमध्ये आला, पोर्चमधून सोप्यात आला, आणि गेल्या काही वर्षांत तो आतल्या खोल्यांकडं सरकायला लागलाय. मी कधी कुणाला आत लावायचा आग्रह केला नाही, हे खरं आहे. पण कुणी म्हटल्यावर ‘कशाला?’ असंही विचारलं नाही. वायर किती लागेल ते मोजलं.

कॅमेरा बसवताना एक जण शिडीवर असतो, एक जण खाली पडद्याकडं बघून ओरडत असतो, ‘जरा डावीकडं, अजून खाली घे, हां, बस.’ त्या वेळी घरातल्या बायका पदर सारखा करतात. म्हातारं माणूस असेल तर पाय आवरून नीट बसतं. पोरं कॅमेऱ्याला वेडावून दाखवतात. आठ दिवसांनी काही तक्रार आली आणि परत त्या घरी गेलो, की कुणी त्याच्याकडं बघतसुद्धा नसतं. पाल असावी तसा तो कोपऱ्यात असतो. मग त्याच्यासमोर भांडणं होतात, रडणं होतं, कुणी एकटंच स्वतःशी पुटपुटत फिरतं. रिॲलिटी शोच्या घरातली माणसं म्हणतात की काही दिवसांनी कॅमेरा आहे हे आम्ही विसरूनच गेलो. ते ऐकून लोकांना नाटक वाटतं. मला वाटत नाही. कारण मी ते बघितलंय, पगार न घेणाऱ्या माणसांत.

बघितलंय म्हणजे कसं, तेही सांगायला पाहिजे. रेकॉर्डिंग अडखळतंय अशी तक्रार असली की डीव्हीआर उघडून मागचं चालवून बघावं लागतं. दहा मिनिटांत बिघाड कळतो. हार्डडिस्क गेलीय, नाहीतर पॉवर सप्लाय कमी पडतोय. त्या दहा मिनिटांनंतरची पाच मिनिटं जी असतात, त्यांचं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे. एका पडद्यावर एक आजोबा भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहून हात हलवून काहीतरी सांगत होते. आवाज नव्हता. मी बिघाड सापडल्यावरही बघत राहिलो. चोरून बघावं असं त्यात काही नव्हतं. पण ते त्यांनी माझ्यासाठी केलेलं नव्हतं, एवढं मला त्या क्षणीही कळत होतं, आणि तरी हात माउसवर तसाच राहिला. दया आली होती का? थोडी आली होती. पण दयेच्या आधी आली ती गोडी. दुसऱ्याचं उघडं पडलेलं एकटेपण बघण्यात एक गोडी असते. तिला चांगलं नाव द्यायचा मोह मला होतो. ‘माणसं वाचायची सवय’ वगैरे. ते नाव मी आता देत नाही.

सिनेमातले प्रेक्षक मला म्हणूनच भिववतात. त्यात एक जण बाथटबमध्ये पडून बघतो, दोन म्हाताऱ्या ट्रुमनचं तोंड छापलेली उशी कवटाळून बघतात, बारमध्ये गर्दी बघते. एकही माणूस दुष्ट नाही. सगळ्यांचं ट्रुमनवर प्रेम आहे. तो पळून जायला लागतो तेव्हा तो सुटावा म्हणून हेच लोक देव पाण्यात घालून बसतात. तो आत राहिलेला बघायला यांनीच तीस वर्षं हजेरी लावली, ही गोष्ट मात्र एकाच्याही डोक्यात येत नाही. येते ती फक्त सिल्व्हियाच्या. ती एकदा त्या खेळात होती, ट्रुमनला खरं सांगायला गेली म्हणून बाहेर फेकली गेली. टीव्हीवर फोन लावून ती क्रिस्टॉफला सुनावते. तो शांतपणे सांगतो की ट्रुमनला खरंच जायचं असेल तर त्याला कुणी अडवू शकणार नाही, त्याला त्याची कोठडीच आवडते. हे सांगणारा तोच, ज्यानं पोराच्या मनात पाण्याची भीती बसावी म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा बाप समुद्रात बुडवल्याचं नाटक केलं.

हा सिनेमा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९९ मध्ये, नेदरलँडमध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं. म्हणजे सिनेमावाल्यांनी धोक्याची पाटी लावली आणि टीव्हीवाल्यांनी ती नकाशा समजून वाचली. २००६ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’ आलं, एप्रिल २०१८ मध्ये मराठी, महेश मांजरेकरांसह. पहिलं मराठी घर लोणावळ्याला होतं. आमच्या कोल्हापूरहून मुंबईला जाणारी गाडी तिथूनच जाते. जाताना कुणीतरी खिडकीतून बोट दाखवतंच की इथंच कुठंतरी ते घर होतं.

त्याच लोणावळ्यातल्या हिंदी घराची एक हकिकत मला सोडत नाही. जेड गुडी ही इंग्लंडमधली बाई ‘बिग ब्रदर’मुळंच नावारूपाला आली होती आणि जानेवारी २००७ मध्ये तिकडच्या घरात शिल्पा शेट्टीला वर्णावरून हिणवल्याबद्दल बदनामही झाली होती. ऑगस्ट २००८ मध्ये तिला इकडं ‘बिग बॉस’च्या दुसऱ्या पर्वात आणलं, ज्याचं निवेदन शिल्पा शेट्टीच करत होती. त्या घरात असतानाच तिला कळलं की आपल्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. चारी बाजूंनी कॅमेरे असलेल्या घरात, परक्या देशात. ती लगेच परत गेली. पुढं तिनं आपलं आजारपण कॅमेऱ्यासमोर ठेवलं, लग्नाचे हक्क विकले, आणि का, तेही उघड सांगितलं. दोन लहान मुलांसाठी पैसे मागं ठेवायचे आहेत. २२ मार्च २००९ ला ती गेली. सत्तावीस वर्षांची होती.

ही हकिकत वाचेपर्यंत माझ्या मनात हिशेब सोपा होता. बघितला जातो तो कैदी आणि ज्याच्यावर नजर नाही तो मोकळा. जेड गुडीनं तो मोडला. तिनं स्वतःचं मरण स्वतःच्या अटींवर दाखवलं. तिला कुणी फसवलेलं नव्हतं, ट्रुमनसारखं तिचं आकाश खोटं नव्हतं. मग तिला कैदी म्हणायचं की स्वतंत्र? मला उत्तर देता आलेलं नाही, आणि तिची कीव करणाऱ्यांचंही मला फारसं पटत नाही.

आमच्याच तालुक्यातलं उदाहरण तर हसतं-खेळतं आहे. २०२४ च्या जुलैमध्ये मराठी ‘बिग बॉस’चं पाचवं पर्व रितेश देशमुखनं सुरू केलं आणि त्यात इचलकरंजीचा धनंजय पोवार गेला. फर्निचरचा व्यवसाय असलेला, घरच्या माणसांना घेऊन विनोदी व्हिडिओ करणारा डीपीदादा. तो शेवटच्या सहात पोचला. त्या दिवसांत रात्री नऊनंतर तक्रारीचा फोन आला तर मी समजायचो की बिघाड मोठा आहे, कारण एरवी त्या वेळी कुणी जागचं हलत नव्हतं. जिंकला बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण. आईबाप गेलेला, गरिबीत वाढलेला, मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओंमुळं लोकांना माहीत झालेला पोरगा. ज्या पोराकडं एरवी कुणी मान वळवून बघितलं नसतं, त्याच्याकडं सगळा महाराष्ट्र सत्तर दिवस बघत होता. त्याला जाऊन सांगायचं का, की बाबा रे, तुझं स्वातंत्र्य हिरावलं गेलं? २००४ पासून कितीतरी वर्षं आदेश बांदेकर टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी पैठणी घेऊन घराघरांत जायचे. त्या कार्यक्रमात बायका सासरच्या माणसांसमोर हसत हसत जे बोलून जायच्या, ते कॅमेरा नसता तर त्यांना कुणी विचारलंही नसतं. दिसणं हीसुद्धा एक सुटका असते. ती मी घराबाहेर पडताना कुणाची परवानगी न लागणारा पुरुष म्हणून सहज विसरतो.

मग माझं नेमकं दुखतंय कुठं?

कोल्हापूरच्या खासबागेत, शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात, लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितल्या. हजारो डोळे दोन अंगांवर खिळलेले. तिथंही मल्ल हरला की लोक ओरडायचे, टिंगलही व्हायची, आम्ही काही संत नव्हतो. पण आम्ही बघत होतो तो डाव. मातीतून उठून, अंग झाडून मल्ल बाहेर गेला, की पुढं त्याच्या घरात तो रडला का, बायकोशी कसा बोलला, हे बघायचा आमचा हक्क तिथंच संपायचा. आणि चांगली लढत दिलेल्याला जाता जाता लोक बक्षीस द्यायचे. कुणी पाच रुपये, कुणी दहा, हरलेल्यालासुद्धा. बघितलंय ना, मग हात खिशात गेला पाहिजे, असा तो रिवाज. आता मी पडद्यावर एखाद्याला मोडून पडताना बघतो आणि माझ्याकडून त्याला काही जात नाही. मत देणं हे देणं नव्हे, तो माझ्याच करमणुकीचा भाग आहे. बघण्याचं देणं लागतं, आणि मी ते फेडत नाही. दुखतंय ते एवढंच. त्या दोन पहारेकऱ्यांचा गुन्हा हाच. तीस वर्षं फुकट जेवले आणि ताट ढकलून उठले.

इथं एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाते, तीही मांडतो. मला पुस्तकांचा नाद आहे. जी. ए. कुलकर्णींची पत्रं माझ्या उशाशी असतात. धारवाडला राहिलेला, सभा-समारंभांपासून चार हात दूर राहणारा, फोटोत काळ्या चष्म्याआड असणारा, साहित्य अकादमीचा पुरस्कारसुद्धा वाद झाल्यावर परत करणारा हा माणूस. १९८७ मध्ये ते गेले आणि त्यानंतर त्यांच्या खाजगी पत्रांचे खंड निघाले. संपादक श्री. पु. भागवत आणि म. द. हातकणंगलेकर. आमच्या गावाचं नाव आडनावात वागवणारे, २००८ च्या सांगलीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि जी.एं.चे स्नेही. गावाचं नाव पुस्तकावर बघून मला अभिमान वाटतो. पण जी.ए. ज्या जगाला दाराबाहेर ठेवत होते, त्याच जगातला मी रात्री अकराला त्यांची पत्रं वाचत पडलेला असतो. कुणी म्हणेल, हे साहित्य आहे, त्याची तुलना ‘बिग बॉस’शी करू नका. बरं, नाही करत. इतकंच म्हणतो की त्या संपादकांनी बसून ठरवलं असणार की हे पत्र छापायचं, हे नाही. कुणाचं नाव जाऊ द्यायचं, कुणाचं गाळायचं. माया असलेल्या माणसानं मागं काय ठेवायचं ते ठरवलं. माझा डीव्हीआर असलं काही ठरवत नाही. एक टीबीच्या हार्डडिस्कवर चार कॅमेऱ्यांचं दोन-तीन आठवड्यांचं रेकॉर्डिंग बसतं, मग जुनं पुसून त्यावर नवं. त्याचं हे विसरणंच त्याच्यातलं सगळ्यात माणुसकीचं. आणि गिऱ्हाईक ते विसरणं लांबवायला मोठी हार्डडिस्क मागतं, मी विकतो.

कायद्याकडं बघावं तर २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमुखानं सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात माणसानं स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेला वापर कक्षेबाहेर ठेवलाय. म्हणजे दिल्लीहून निघालेला हक्क आमच्या सोप्यापर्यंत येता येता दमतो. उंबऱ्याच्या आत काय करायचं ते घरात ज्याची चालते तो ठरवणार, आणि शिडीवर मी असणार.

मध्यंतरी आळत्याच्या बाजूला एका मळ्यातल्या घरी गेलो होतो. मुलगा पुण्याला नोकरीला, घरी आई एकटी. त्यानं फोनवरच सगळं ठरवलं होतं, पैसेही पाठवले होते. आईच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक, बाहेर दोन. मी पोचलो तेव्हा काकी शेंगा फोडत बसलेल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. सिनेमा डोक्यात होता म्हणून असेल, मी शिडी टेकवायच्या आधी सगळं सांगितलं. कुठून काय दिसणार, पोराला मोबाईलवर कधीही बघता येणार, रात्रीसुद्धा.

काकी म्हणाल्या, ‘मला त्यो दिसंल का?’

‘नाही काकी. तुमचा आवाज जाईल, त्याचाही येईल. पण तो दिसणार नाही.’

थोडा वेळ शेंगा फुटत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘लाव की. पण त्येला सांग, बघितलास की हाक मारायची. मुकाट्यानं बघायचं न्हाई. मुकाट्यानं चोर बघतंय.’

मी पोराला फोन करून तसंच सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. तो हसला, ‘आई पण ना’ म्हणाला. खोलीतला कॅमेरा मी लावला, पण तोंड दाराकडं केलं, पलंगाकडं नाही. पडल्या-झडल्या तर दिसाव्यात एवढंच. हे मी माझ्या अधिकाराबाहेर जाऊन केलं की अधिकार पहिल्यांदा नीट वापरला, कुणास ठाऊक. पोरगा पुढं कोन बदलून घ्या म्हणाला नाही.

यानंतर काही माझं मतपरिवर्तन वगैरे झालं, असं समजू नये. धंदा तोच आहे. फरक पडला तो असा की आता आतल्या खोलीचं काम आलं की जिच्यावर किंवा ज्याच्यावर नजर राहणार आहे, त्या माणसाला समोर बोलावून विचारतो. बहुतेक जण ‘लावा’ म्हणतात. घरच्यांसमोर ‘नको’ कोण म्हणणार? तेव्हा त्या विचारण्यालाही फार किंमत आहे अशातला भाग नाही. क्रिस्टॉफसुद्धा म्हणत होताच की दार उघडं आहे.

आणि विवेकाची किंमत मी किती मोजतो, ते परवाच कळलं. एका घरी स्वयंपाकघरात कॅमेरा पाहिजे होता. चोरीबिरी काही नाही. सून दिवसभर काय करते, कुणाशी बोलते, ते सासूबाईंना शेताकडं असताना बघायचं होतं. आवाजासह. मी सुनेला बोलवा म्हटलं. तिला कशाला, असं उत्तर आलं. मग मी म्हटलं, आवाजाचा कॅमेरा सध्या माझ्याकडं शिल्लक नाही. शिल्लक होता. दोन खोके मागच्या फळीवर होते. सरळ ‘हे काम मी करत नाही’ म्हणायला जीभ रेटली नाही, कारण त्याच घरातून पुढच्या महिन्यात गोठ्याचं आणि फाटकाचं मोठं काम येणार होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी इचलकरंजीहून दुसरा माणूस बोलावून तो लावून घेतला. मला हे कळलं ते त्यांच्या शेजाऱ्याकडून. मी पहिला प्रश्न विचारला तो सुनेबद्दल नव्हता. मी विचारलं, कितीला लावला?

माझ्यापेक्षा साडेतीनशे रुपयांनी कमी.